‘बेंगाल’ आणि तिच्यामागची नऊ मीटर तार : प्रकल्प नोंदी

९ जून २०२४, रविवार

आजपासून नोंदी सुरू. काम दोन भागांचं आहे. पहिला भाग म्हणजे ‘एच.एम.आय.एस. बेंगाल’ या दुसऱ्या महायुद्धातल्या, ब्रिटिश काळच्या हिंदुस्थानी नौदलाच्या माइनस्वीपरची (समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या बोटीची) १:१०० प्रमाणातली लाकडी प्रतिकृती. दुसरा भाग म्हणजे तिच्या सेवेची मराठीत तारीखवार नोंद. ती प्रतिकृतीशेजारी फलकांवर लागेल. ४ डिसेंबरला, नौदल दिनी, शाळेच्या सभागृहात सगळं मांडायचं ठरलं आहे. नववीची काही मुलं मदतीला आहेत.

‘बेंगाल’ ज्यांना माहीत आहे त्यांना ती बहुतेक एका दिवसापुरती माहीत आहे. ११ नोव्हेंबर १९४२. त्या दिवशी हिंदी महासागरात ती आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या दोन जपानी जहाजांना भिडली. तो दिवस मलाही फार मोठा वाटतो. पण ही बोट तोफांच्या लढाईसाठी बांधलेली नव्हती, समुद्रातले सुरुंग काढण्यासाठी बांधलेली होती. म्हणून पहिल्याच पानावर लिहून ठेवतो: प्रतिकृतीची पिछाडी, जिथे सुरुंग काढायचं सामान असतं, ती पुढच्या तोफेइतकीच मन लावून करायची.

मापं: लांबी ५६.७ मीटर, रुंदी ९.४ मीटर, पाण्याखालचा भाग साधारण २.६ मीटर. म्हणजे आपली बोट ५६.७ सेंटीमीटर लांब आणि ९.४ सेंटीमीटर रुंद. वाफेची इंजिनं, दोन पंखे, वेग सुमारे १५ नॉट (ताशी सागरी मैल). माणसं ८० च्या आसपास.

१६ जून २०२४

लाकूड आणलं, शिवणीचं. पातळ फळ्या एकावर एक चिकटवून ठोकळा करायचा आणि मग तासत आकार काढायचा. पावसाळा तोंडावर आहे, त्यामुळे फळ्या स्वयंपाकघराच्या माळ्यावर, चुलीच्या उबेला ठेवल्या आहेत. सुतारकाका म्हणाले, “सर, घाई करू नका. ओल पूर्ण जाऊ दे, नायतर नाळ वाकडी व्हईल.” नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक. त्यांनी आयुष्यभर मच्छीमारांच्या होड्या बांधल्या, तेव्हा त्यांचा शब्द शेवटचा.

संध्याकाळी बोटीच्या वर्गाची माहिती लिहिली. ‘बेंगाल’ बाथर्स्ट वर्गातली. युद्धकाळात ऑस्ट्रेलियातल्या आठ गोद्यांत मिळून या वर्गाच्या ६० बोटी बांधल्या गेल्या. ऑस्ट्रेलियाने त्यांना अधिकृत नाव दिलं ‘ऑस्ट्रेलियन माइनस्वीपर’. लोकांच्या तोंडी मात्र ‘कॉर्व्हेट’, म्हणजे सोबतीची छोटी युद्धनौका, हे नाव बसलं. कारण सरळ आहे. सुरुंग काढणं, ताफ्याला सोबत देणं, पाणबुड्या शोधणं ही तिन्ही कामं एकाच स्वस्त, लवकर बांधून होणाऱ्या बोटीकडून करून घ्यायची होती. ६० पैकी चार बोटी रॉयल इंडियन नेव्हीसाठी, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानी नौदलासाठी होत्या: पंजाब, मद्रास, बेंगाल आणि बॉम्बे.

या वर्गातल्या दोन बोटी आजही जतन केलेल्या आहेत. ‘कॅसलमेन’ मेलबर्नजवळ विल्यमस्टाउनला पाण्यात आणि ‘व्हायला’ तिच्याच नावाच्या शहरात जमिनीवर. डेकच्या बारकाव्यांसाठी या दोघींची छायाचित्रं हाच आपला मुख्य आधार.

३० जून २०२४

सिडनीचा फलक लिहून झाला. इथे तारखाच इतक्या बोलक्या आहेत की वेगळं काही लिहावं लागत नाही.

३ डिसेंबर १९४१: सिडनी बंदरातल्या कॉकाटू बेटावरच्या गोदीत ‘बेंगाल’चा कणा बसवला. आणखी चार-पाच दिवसांनी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि पॅसिफिक पेटला.

२८ मे १९४२: बोट पाण्यात उतरली.

३१ मे १९४२ ची रात्र: तीन जपानी बुटक्या पाणबुड्या त्याच सिडनी बंदरात शिरल्या. ‘कटाबुल’ ही खलाशांना राहण्यासाठी वापरली जाणारी बोट बुडाली आणि २१ नौसैनिक मेले. त्या रात्री बंदरात ‘बेंगाल’ची बहीण ‘बॉम्बे’ हजर होती. म्हणजे हिंदुस्थानी खलाशांनी ती रात्र डोळ्यांनी पाहिली. आपल्याकडच्या शालेय पुस्तकांत सिडनीचा हल्ला येत नाही, आला तरी त्यात आपली माणसं येत नाहीत. म्हणून हा फलक मोठ्या अक्षरांत करणार आहे.

८ ऑगस्ट १९४२: ‘बेंगाल’ नौदलात दाखल.

कणा ते कमिशन, आठ महिने. शांततेच्या काळात एवढ्या वेळात साधी इमारतही उभी राहत नाही.

१४ जुलै २०२४

बोटीचा तळ तासून झाला. नाळेचा उतार छान आला आहे. लाकडाला पहिला सीलर दिला. वाळायला चार दिवस लागतील, बाहेर धो धो पाऊस आहे.

मुलांना पाणसुरुंग समजावण्यात सगळी दुपार गेली, आणि ती सार्थकी लागली असं वाटतं. फलकावर जाणारा मजकूर असा ठरला:

नांगरलेला सुरुंग म्हणजे हवेने तरंगणारा लोखंडी गोळा. खाली समुद्रतळावर वजनाची पेटी आणि दोन्हींच्या मध्ये तार. तारेची लांबी अशी ठेवतात की गोळा पृष्ठभागाखाली, जहाजाच्या पोटाला लागेल एवढ्या खोलीवर उभा राहावा. गोळ्याला शिशाची शिंगं असतात. शिंगात काचेची नळी, नळीत रसायन. जहाज घासलं की मऊ शिसं वाकतं, काच फुटते, रसायन खाली उतरतं आणि तिथेच एक छोटी बॅटरी तयार होते. त्या विजेने स्फोट होतो. जहाज येईपर्यंत सुरुंगात वीजच नसते, म्हणून तो वर्षानुवर्षं समुद्रात जिवंत राहू शकतो.

एका मुलीने विचारलं, “सर, मग सुरुंग काढणारी बोट स्वतः सुरुंगावर जात नाही का?” जाते. पुष्कळदा गेलीही. बोटीचा पाण्याखालचा भाग कमी ठेवण्याचं एक कारण तेच. २.६ मीटर खोल चालणारी बोट मोठ्या जहाजांसाठी लावलेल्या खोल सुरुंगांवरून निघून जाऊ शकते. भरती-ओहोटी पाहून काम करावं लागतं, कारण ओहोटीला तेच सुरुंग वर येतात. हे कोकणातल्या मुलांना सांगावं लागत नाही. पाणी उतरलं की कुठला खडक डोकं काढतो ते त्यांना पाठ असतं.

२८ जुलै २०२४

आज सर्वांत मजेचं काम: ओरोपेसा.

नांगरलेले सुरुंग काढण्याची ही पद्धत. बोटीच्या पिछाडीवर एक मोठं विंच, म्हणजे तार गुंडाळायचं यंत्र, असतं. त्यावरून दातेरी तार सोडतात. तारेच्या बाहेरच्या टोकाला ऑटर नावाची पडद्यांसारखी पट्ट्यांची चौकट असते. बोट चालू लागली की पाण्याचा दाब ऑटरला बाजूला ओढतो आणि तार बोटीपासून दूर, तिरकी पसरते. बोटीजवळच्या टोकाला तशीच दुसरी चौकट असते, तिला पतंग म्हणतात. ती तार खाली दाबून ठेवते. ऑटरच्या वर पाण्यावर माशाच्या आकाराचा एक तरंगता फ्लोट, त्यावर निशाण. तार पाण्याखाली किती दूर पोचली आहे ते या निशाणावरून समजतं. ‘ओरोपेसा’ हे नाव, ही पद्धत जिच्यावर पहिल्यांदा पारखली त्या ब्रिटिश ट्रॉलरचं.

तार सुरुंगाच्या दोराला जाऊन भिडते, दोर तिच्यावरून घसरत बाहेर जातो. दात्यांनी कापला गेला तर ठीक, नाहीतर टोकाशी लावलेल्या कातऱ्यांत सापडून तुटतो. सुरुंग उसळून वर येतो. मग डेकवरचे खलाशी रायफलींनी गोळ्या घालून त्याला बुडवतात किंवा उडवतात.

बोटी एकट्या चालत नाहीत. तिरक्या ओळीत, एकीच्या मागे एक, प्रत्येक बोट पुढचीने साफ केलेल्या पट्ट्यात राहून. फक्त पहिल्या बोटीपुढचं पाणी कोणीच साफ केलेलं नसतं. माझ्या मते माइनस्वीपरवरच्या माणसांचं धैर्य समजून घ्यायचं असेल तर ही एक गोष्ट पुरेशी आहे. लढाईत शत्रू दिसतो, वळता येतं, धूर सोडता येतो. इथे सरळ रेषेत, ठरलेल्या वेगाने, तासन्‌तास चालत राहायचं. रेषा सोडली तर मागच्यांसाठी साफ न झालेली पट्टी राहते.

आता मापाचा मुद्दा. अशी तार ५०० फॅदमपर्यंत, म्हणजे ९०० मीटरच्या आसपास सोडत. आपल्या प्रमाणात नऊ मीटर! ५७ सेंटीमीटरच्या बोटीमागे नऊ मीटर तार. प्रतिकृती करणारे बहुतेक जण फ्लोट आणि ऑटर डेकवर बांधलेले दाखवतात आणि विषय संपवतात. मी ठरवलं आहे की तार पूर्ण सोडलेली दाखवायची, सभागृहाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. येणाऱ्या प्रत्येकाने ती ओलांडून जायला हवं.

१५ ऑगस्ट २०२४

झेंडावंदनानंतर काम. पितळी तारेतून कठडे वाकवले.

शेजारचे निवृत्त नौसैनिक बघायला आले होते. त्यांनी हळूच सुचवलं, “बोटीच्या पोटाभोवती जाड केबल दाखवा, सर. ती विसरू नका.” ते डीगाउसिंगबद्दल बोलत होते. नांगरलेल्या सुरुंगापेक्षा वेगळा, तळावर पडून राहणारा चुंबकी सुरुंग जर्मनांनी १९३९ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यावर टाकायला सुरुवात केली. लोखंडी जहाज वरून गेलं की त्याच्या चुंबकीय क्षेत्राने तो फुटतो. त्यावर उपाय म्हणून जहाजाला विजेच्या तारेचं वेटोळं घालून त्याचं क्षेत्र दाबून टाकतात. असे सुरुंग साफ करायला मागे दोन लांब तरंगत्या केबल्स सोडतात आणि त्यांतून ठरावीक अंतराने विजेचे झटके पाण्यात देतात, म्हणजे सुरुंगाला जहाज आल्याचा भास होऊन तो रिकाम्या पाण्यात फुटतो. पुढे जहाजाच्या आवाजाने फुटणारे सुरुंग आले, तेव्हा पाण्याखाली हातोडा बडवत जायची वेळ आली.

केबल करणार. काळ्या रंगाचा मेणदोरा बरोबर बसेल.

२५ ऑगस्ट २०२४

गेल्या सोमवारी नारळी पौर्णिमा झाली. त्या निमित्ताने बंदरावर गेलो होतो आणि तिथे खलाशांच्या जुन्या घराण्यातल्या एका चाचांशी पुष्कळ बोलणं झालं. त्यांच्या घरात तीन पिढ्या बोटींवर. “आमच्या गावात घरटी एक माणूस बोटीवर असायचा,” ते म्हणाले. यात अतिशयोक्ती नाही. रॉयल इंडियन नेव्ही हे नाव मिळालं १९३४ मध्ये, पण त्याच्या कितीतरी आधीपासून सरकारी जहाजांवरच्या खलाशांची मुख्य भरती रत्नागिरी जिल्ह्यातून व्हायची, त्यातही कोकणी मुसलमान घरांतून. युद्ध सुरू झाल्यावर भरती सगळ्या हिंदुस्थानात पसरली. सुरुवातीला दोन हजारांच्याही आत असलेलं नौदल युद्ध संपताना तीस हजारांच्या घरात गेलं.

चाचांशी बोलताना कोकणच्या आगबोटींचा विषय निघाला, आणि तो फलकात आलाच पाहिजे. १९३९ मध्ये नौदलाकडे सुरुंग काढणाऱ्या पुरेशा बोटीच नव्हत्या. मग मुंबई ते कोकण आणि खाली मलबारपर्यंत उतारू नेणाऱ्या आगबोटी ताब्यात घेऊन त्यांवर तोफ आणि सुरुंगाचं सामान चढवलं. रत्नागिरी, नेत्रावती, पार्वती, प्रभावती. ज्या बोटींत चाकरमानी गणपतीला घरी यायचे त्या बोटी तांबड्या समुद्रात गेल्या. ‘पार्वती’ ३० एप्रिल १९४१ रोजी असाबजवळ सुरुंगावर जाऊन बुडाली. ‘प्रभावती’ ८ डिसेंबर १९४१ च्या रात्री ‘ग्लासगो’ या ब्रिटिश क्रूझरने जपानी पाणबुडी समजून तोफांनी बुडवली. लक्षद्वीपच्या समुद्रात ती मागे पडाव ओढत चालली होती.

चाचांना ‘प्रभावती’चं माहीत होतं. तारीख माहीत नव्हती, बोट आपल्याच लोकांनी बुडवली हे माहीत होतं. बराच वेळ त्यांनी काही विचारलं नाही.

‘बेंगाल’सारख्या मुद्दाम बांधलेल्या बोटी का हव्या होत्या, याचं उत्तर या चार आगबोटींत आहे.

१५ सप्टेंबर २०२४

गणपतीची सुट्टी संपतेय. दीड आठवडा हात लागला नव्हता. आज तोफ.

बाथर्स्ट वर्गाला चार इंची तोफ अपेक्षित होती, पण सुरुवातीच्या काळात तोफांचीच टंचाई. ‘बेंगाल’वर बसली १२ पौंडी, म्हणजे ७६ मिलिमीटरची. जोडीला ऑर्लिकॉन (विमानांवर मारायच्या छोट्या तोफा) आणि पाणबुड्यांसाठी डेप्थ चार्जेस (पाण्यात टाकायचे स्फोटक डबे). १२ पौंडीचा गोळा साडेपाच किलोच्या आसपास. जपानी जहाजांवरच्या १४ सेंटीमीटर तोफेचा गोळा ३८ किलोचा. हे दोन गोळे लाकडात एकास एक मापाने कोरून फलकाखाली ठेवायचे, मुलांना उचलून बघता येतील असे. खऱ्या वजनासाठी आत शिसं ओतायचं की वाळू भरायची ते सुतारकाकांवर सोपवलं आहे.

तोफेची प्रतिकृती जेमतेम तीन सेंटीमीटरची. भिंगाखाली दोन संध्याकाळी.

२९ सप्टेंबर २०२४

११ नोव्हेंबर. हा फलक मी सगळ्यांत जास्त वेळा लिहिला आणि खोडला.

‘बेंगाल’ हिंदुस्थानकडे निघाली होती, नवी कोरी. ५ नोव्हेंबरला पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून ती ‘ओंदिना’ या डच तेलवाहू जहाजाला सोबत घेऊन हिंदी महासागरातल्या डिएगो गार्सिया बेटाकडे निघाली. ‘ओंदिना’ सहा हजार टनांची, रिकामी, तेल भरायला इराणच्या आबादानला चाललेली. तिच्यावर एक चार इंची तोफ आणि मोजून ३२ गोळे. सहाव्या दिवशी, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला, दोन जहाजं दिसली: होकोकु मारू आणि ऐकोकु मारू.

ही साधी मालवाहू जहाजं नव्हती. दोन्ही दहा हजार टनांवरची, प्रत्येकीवर आठ १४ सेंटीमीटर तोफा, टॉर्पेडो, समुद्रावर उतरणारी विमानं. वेग २१ नॉटपर्यंत. एकटी जहाजं गाठून बुडवायची किंवा पकडायची हेच त्यांचं काम. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी ‘जेनोटा’ हे डच तेलवाहू जहाज आणि जुलैत न्यूझीलंडचं ‘हौराकी’ पकडून नेलं होतं.

‘बेंगाल’चे कमांडर लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन, राखीव नौदलातले. पळून जाणं शक्य नव्हतं. १५ नॉटची बोट २१ नॉटच्या जहाजापासून कुठे पळणार, आणि ‘ओंदिना’ तर त्याहून सावकाश. विल्सननी ‘ओंदिना’ला दूर जायचा इशारा दिला आणि ‘बेंगाल’ची नाळ थेट होकोकु मारूकडे वळवली.

मी मुलांना फळ्यावर काढून दाखवलं. मध्ये येण्याने दोन गोष्टी साधतात. शत्रूला आधी तुमच्यावर तोफा रोखाव्या लागतात, तेवढा वेळ तेलवाहूला मिळतो. आणि छोट्या तोफेचा काही उपयोग व्हायचा असेल तर तो जवळूनच. तिसरं असं की समोरून येणारी बोट म्हणजे ९ मीटरचं लक्ष्य, आडवी बोट ५७ मीटरचं. विल्सननी या तिन्हींचा मनात हिशेब केला असेल किंवा नसेल. त्यांनी वळवली एवढं खरं.

‘ओंदिना’ मात्र पूर्ण पळाली नाही. तिनेही तोफ चालवली. थोड्या वेळातच एक गोळा होकोकु मारूच्या टॉर्पेडोंच्या जागी जाऊन फुटला. आग लागली, ती पिछाडीच्या दारूगोळ्याच्या कोठारापर्यंत पोचली आणि होकोकु मारू स्फोटाने फुटून बुडाली. ३५४ माणसांपैकी ७६ गेली, त्यांत तिचे कॅप्टन इमाझातोही.

‘बेंगाल’चा दारूगोळा संपत आला. तिलाही गोळे लागले होते. धुराचा पडदा सोडून ती बाहेर पडली. बोटीवरचं कोणी मेलं नाही.

१३ ऑक्टोबर २०२४

उरलेला अर्धा भाग. ‘बेंगाल’ची गोष्ट सांगताना पुष्कळदा इथेच थांबतात. ते मला मान्य नाही.

‘ओंदिना’चे गोळे संपले. ऐकोकु मारू तिच्यावर आली. कॅप्टन विलेम हॉर्समन यांनी जहाज सोडायचा हुकूम दिला आणि ब्रिजवरच (जहाज जिथून चालवतात तिथेच) ते मारले गेले. ऐकोकु मारूने दोन टॉर्पेडो मारले आणि त्यानंतर पाण्यातल्या जीवनरक्षक होड्यांवर मशीनगन चालवली. मग ती आपल्या बुडालेल्या जोडीदाराची माणसं उचलायला गेली, परत येऊन आणखी एक टॉर्पेडो सोडला, तो चुकला, आणि ‘ओंदिना’ बुडणारच असं समजून निघून गेली.

‘ओंदिना’ बुडाली नाही. टाक्या रिकाम्या होत्या, त्या हवेने तिला तरंगत ठेवलं. डच आणि चिनी खलाशी होड्यांतून परत जहाजावर चढले, आग विझवली, कललेलं जहाज दुसऱ्या बाजूच्या टाक्यांत पाणी घेऊन सरळ केलं, इंजिन चालू केलं आणि पहिल्या अधिकाऱ्याच्या हाताखाली १८ नोव्हेंबरला फ्रीमँटल गाठलं. तोवर ‘बेंगाल’ डिएगो गार्सियाकडे गेली होती. दोन्हींपैकी प्रत्येकीला वाटत होतं की दुसरी बुडाली.

विल्सन यांना डी.एस.ओ. हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला. ऐकोकु मारू १७ फेब्रुवारी १९४४ रोजी पॅसिफिकमधल्या ट्रुक बेटांवरच्या अमेरिकन हवाई हल्ल्यात बुडाली.

२० ऑक्टोबर २०२४

फलकाच्या मजकुरावर वर्गात वाद झाला. एक मुलगा म्हणाला, “सर, आपण लिहा ना की होकोकु मारू बेंगालने बुडवली. सगळीकडे तसंच लिहितात.” युद्धकाळात तसं छापलं गेलं हे खरं आहे, आणि नंतर ते पुढे चालत आलं. डच बाजूने पहिल्यापासून तो गोळा ‘ओंदिना’चा मानला. मी दोन्ही वाचलं आणि ‘ओंदिना’च्या बाजूने लिहिलं. तिची तोफ मोठी, तिचा गोळा चौदा किलोचा, आणि फटका बसला तिच्या माऱ्यात.

मुलं जरा हिरमुसली. मग मी विचारलं, ‘बेंगाल’ वळली नसती तर ‘ओंदिना’च्या तोफेला वेळ मिळाला असता का? पहिले गोळे कोणावर पडले असते? त्यावर चर्चा चांगलीच रंगली. शेवटी ज्या मुलीने जुलैत सुरुंगाचा प्रश्न विचारला होता तिने वाक्य सुचवलं: “ओंदिनाने गोळा मारला, बेंगालने वेळ दिला.” हेच वाक्य फलकावर जाईल. ‘बेंगाल’चा मोठेपणा त्या वळण्यात आहे आणि तो पुरेसा आहे. दुसऱ्याच्या वाट्याचा गोळा तिच्या नावावर लिहून तो वाढणार नाही, आणि हॉर्समनसारखा माणूस त्यात झाकला जाईल.

रंग: राखाडी, दोन हात. निशाण लहान ब्रशने.

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतर पुन्हा कामाला. युद्धानंतरचा फलक थोडक्यात. १९४७ च्या वाटणीत १६ माइनस्वीपरपैकी १२ भारताला आणि चार पाकिस्तानला गेल्या: काठियावाड, बलुचिस्तान, अवध आणि माळवा. ‘बेंगाल’ भारताकडे राहिली. २६ जानेवारी १९५० पासून नावाआधी ‘आय.एन.एस.’ लागलं. १९६० मध्ये तिला निवृत्त करून भंगारात काढलं. अठरा वर्षांची सेवा.

शेजारी आणखी एक छोटा फलक जोडला, ‘वॉर्नाम्बूल’चा. तीही बाथर्स्ट वर्गातली. १३ सप्टेंबर १९४७ रोजी, युद्ध संपून दोन वर्षं झाली असताना, ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफजवळ आपल्याच बाजूने युद्धात टाकलेले सुरुंग काढताना ती सुरुंगावर गेली. चार जण मेले. माइनस्वीपरसाठी युद्ध १९४५ ला संपत नाही, हे यापेक्षा स्पष्ट सांगता येणार नाही.

आणि एक ओळ आजच्याबद्दल. ‘कोकण’ नावाची माइनस्वीपर महायुद्धातही होती आणि पुढच्या काळातही होती. त्या पुढच्या काळातल्या ताफ्यातली शेवटची, ‘कोझिकोड’, एप्रिल २०१९ मध्ये निवृत्त झाली. त्यानंतर भारतीय नौदलाकडे खास या कामासाठी बांधलेली एकही बोट उरली नाही. साडेसात हजार किलोमीटरपेक्षा लांब किनारा आणि इतकी मोठी बंदरं असलेल्या देशासाठी ही मला गंभीर गोष्ट वाटते. मुलांना ती समजावी म्हणून लिहिली आहे.

२४ नोव्हेंबर २०२४

सभागृहात चाचणी मांडणी केली. बोट पूर्वेच्या भिंतीपाशी, निळ्या कापडावर. पिछाडीच्या विंचवरून सुटलेली तार (बारीक तांब्याची, काळी केलेली) पतंगापर्यंत खाली, मग तिरकी होत नऊ मीटरवर ऑटर आणि फ्लोट. फ्लोटवरचं निशाण जरीच्या लाल कापडाचं, मुलींनी शिवलं. तार जमिनीपासून टाचेएवढ्या उंचीवर राहते, तेव्हा लहान मुलं अडखळणार नाहीत म्हणून दोन ठिकाणी ओलांडायला लाकडी पाट ठेवले.

तारेखाली तीन सुरुंग मांडले, शिंगांसह. एक दोर कापलेला, वर आलेला. दोन अजून खाली.

गोळ्यांची जोडी टेबलावर. ३८ किलोचा गोळा सुतारकाकांनी शिसं ओतून खऱ्या वजनाचा केला आहे, तो दोघांनीच उचलावा अशी पाटी लावायची राहिली आहे.

फलक सात. क्रम: सुरुंग कसा फुटतो, ओरोपेसा, कोकणच्या आगबोटी, सिडनी, ११ नोव्हेंबर, ओंदिना, १९४७ ते २०१९. लढाईचा फलक पाचवा ठेवला आहे. तिथपर्यंत पोचायला तार ओलांडावीच लागते.

बाकी कामं: विजेच्या दिव्यांची सोय, कठड्याचा एक खांब पुन्हा डकवणं, चाचांना आणि त्यांच्या वाडीतल्या लोकांना निमंत्रण. ४ तारखेला सकाळी त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्च्या ठेवायच्या. आगबोटींच्या फलकावर ‘प्रभावती’ची तारीख त्यांना स्वतः वाचायची आहे, म्हणून तो फलक खिडकीजवळ, उजेडात लावतोय.